समोर येऊन विचारायची पद्धत

हातांची खुर्ची वर्गाच्या दारातून सरळ आत जाईना. नवनाथने ती उलटी करून डोक्यावर घेतली, विकीने मागचे पाय धरले, आणि दोघे तिरके होत आत शिरले.

"हळू. प्राचार्यांच्या खोलीतली आहे ती," श्रीधर मोघे म्हणाला.

"सर, आमच्यातल्या काहींपेक्षा ही खुर्ची वर्गात जास्त नियमित येते," विकी म्हणाला.

पोरं हसली. श्रीधर हसला नाही. खुर्ची फळ्याशेजारी ठेवल्यावर तो स्वतः तिच्यावर बसला, डुगडुगते का ते पाहिलं, आणि खडूच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून एका पायाखाली सारला. मग पुन्हा बसून पाहिलं. जया आणि सरिता पहिल्या बाकावर फुलांचा गुच्छ बांधत होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

"सर, साहेब खूप जाडे आहेत का?" जयाने विचारलं.

"नाहीत. पण आज काही चुकायला नको."

किलवणी नाक्याजवळच्या त्या प्रशिक्षण केंद्रात यार्न कंपन्यांसाठी मशीन ऑपरेटर तयार करण्याचा वर्ग चाले, आणि दर शनिवारी वर्गात कोणी ना कोणी पाहुणा बोलायला येई. ही कल्पना श्रीधरची. तो थिअरी शिकवायचा. धाग्याबद्दल जे वाचायला मिळालं ते त्याने सगळं वाचलं होतं, पण कारखान्यात त्याने एक दिवसही काम केलं नव्हतं. वर्गात शिकवताना कधी कधी त्याला वाटे, की आपण पाण्यात न उतरलेले पोहण्याचे मास्तर आहोत. रात्रपाळीत झोप आली तर काय करतात, असं एकदा नवनाथने विचारलं, तेव्हा त्याने पुस्तकाचं पान उलटलं होतं. त्यानंतरच त्याने पाहुणे बोलवायला सुरुवात केली.

बोलवणं सोपं नव्हतं. सायकलवरून पिपरियाला, मसाटला, खडोलीला जायचं. वाटेत एकच वाक्य पुन्हा पुन्हा घोकायचं, आणि फाटकावर वॉचमनने "किससे मिलना है?" विचारलं की नेमकं तेच विसरायचं. तरी त्याने ते नेटाने चालवलं होतं. साहेब लोक येत, मेहनत आणि शिस्त यांवर बोलत, बटाटेवडा खात आणि जात. त्यातून आजवर कोणाला नोकरी लागली नव्हती. पोरं कोर्स संपवून ठेकेदाराकडेच जात. ठेकेदार चार महिने ठेवी, घरी बसवी, पुन्हा बोलावी.

या वेळी मात्र वेगळं होतं. त्र्याण्णव सालच्या त्या मार्चमध्ये खडोलीच्या एका कंपनीची नवी शेड उभी राहत होती. तिथले मॅनेजर पराग नाडकर्णी म्हणाले होते, "मी येतो, मोघे सर. भाषणापेक्षा मुलांना प्रश्न विचारू द्या. प्रश्नांवरून माणूस कळतो. बरी वाटली तर आठही जणांना थेट कंपनीत घेतो. ठेकेदार मधे नाही."

हे वर्गाला सांगितल्यापासून आठही जण इस्त्रीचे कपडे घालून येत होते. इस्त्री एकट्या सरिताच्या घरी होती.

जीप आली तेव्हा तिच्यातून एकाऐवजी दोघे उतरले. नाडकर्णी पस्तिशीचे, भराभर चालणारे. त्यांच्या मागून उतरलेला माणूस पंचेचाळिशीचा, काळासावळा, केसांना तेल लावून चापूनचोपून भांग पाडलेला. त्याने नवा शर्ट घातला होता. दुकानातल्या घड्या अजून त्याच्यावर तशाच होत्या.

"हे सुकदेव बोरसे," नाडकर्णी म्हणाले. "म्हटलं, मी काय सांगणार? ज्याने केलंय त्यालाच आणावं."

खुर्ची एकच होती आणि गुच्छही एकच. नवनाथ धावत जाऊन वर्कशॉपमधलं स्टूल घेऊन आला. जयाने गुच्छ देता देता त्यातली दोन फुलं हळूच काढून घेतली आणि ती सुकदेवच्या हातात दिली. त्याने ती ओंजळीत घेतल्यासारखी घेतली आणि नाडकर्णींचं बोलणं संपेपर्यंत मांडीवर धरून ठेवली.

"मी भाषण देणार नाही," असं म्हणून नाडकर्णी बराच वेळ बोलले. मग त्यांनी सुकदेवच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बोरसे शिंदखेड्याकडून आले. हेल्पर म्हणून लागले. आज आमच्या टेक्स्चरायझिंगच्या, म्हणजे धाग्याला पीळ द्यायच्या, शेडमधे सुपरवायझर आहेत. तुमच्यातला प्रत्येकजण बोरसे होऊ शकतो. विचारा यांना."

सुकदेव उभा राहिला. आवाज मुद्दाम दाबून ठेवल्यासारखा तो हळू, एकेक शब्द मोजून बोलला. आपण आलो तेव्हा खडोलीला रस्ता नव्हता, पावसात चप्पल हातात घेऊन यावं लागे, पहिला पगार झाला तेव्हा घरी पितळेचा हंडा नेला, असं त्याने सांगितलं. वर्ग मन लावून ऐकत होता. श्रीधरला बरं वाटलं. आजवरच्या पाहुण्यांमध्ये चप्पल हातात घेऊन आलेला हा पहिलाच.

मग प्रश्न सुरू झाले.

मागच्या बाकावरून नवनाथ उठला. गेले आठ दिवस त्याने हाच प्रश्न घोटला होता. "दादा, धागा तुटला तर मशीन थांबवायची, का चालू मशीनवरच जोडायचा?"

सुकदेव मान डोलवत हसला. "आहे ना, बस आहे. कंपनीची बस थेट नाक्यापर्यंत येते."

नवनाथ उभाच राहिला. मग, आपलंच काही चुकलं असेल अशा समजुतीने, खाली बसला.

खिडकीकडच्या बाजूने जया उठली. "मुलींना मशीनवर घेता का? का नुसतं पॅकिंगलाच?"

"सुट्टी गुरुवारी," सुकदेव म्हणाला. "दिवाळीला वेगळी."

या वेळी हसू आवरलं गेलं नाही. विकी शेजारच्याला म्हणाला, "याला नाव विचारलं तर गाव सांगेल," आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. नाडकर्णींनी पाय बदलून दुसऱ्या पायावर टाकला. ते सुकदेवकडे पाहत नव्हते. ते हसणाऱ्या पोरांकडे पाहत होते, आणि त्यांच्या कपाळावर आठी आली होती.

पहिला विचार श्रीधरच्या मनात नेहमीचाच आला, की चूक आपली. पोरांना प्रश्न नीट विचारायला शिकवलं नाही. लांबलचक वाक्यं घोकून घेतली. आता हे साहेब उठतील, बटाटेवडा खातील आणि जातील.

सरिता पहिल्या बाकावर, अगदी सुकदेवच्या समोर होती. ती बसूनच म्हणाली, "तुम्ही हे सगळं शिकला कुठं?"

"शिकलो नही. सातवी झाली फक्त," सुकदेव लगेच म्हणाला. "मशीननीच शिकवलं. चुकलं का ती बोट धरते."

हे उत्तर अगदी नेमकं होतं. श्रीधरने मान वर केली. तेवढ्यात खुर्चीतून, सुकदेवच्या पाठीमागून, नाडकर्णी म्हणाले, "बोरसे, ट्रेनिंगचं सांगा ना यांना." सुकदेव समोर पाहून हसतच राहिला. नाडकर्णींनी पुढे वाकून त्याच्या कोपराला हात लावला, तेव्हा तो गर्रकन वळला आणि त्यांच्या तोंडाकडे पाहू लागला. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. बोलायला शिकणारं मूल आईच्या ओठांकडे पाहतं तसा.

पाहुणा बोलत असताना श्रीधर आजवर कधी मधे बोलला नव्हता. तो उभा राहिला.

"एक मिनिट," तो म्हणाला, आणि आपला आवाज त्यालाच परका वाटला. "आपली पद्धत विसरलात तुम्ही. ज्याला विचारायचं असेल त्याने पुढे यायचं. पाहुण्यांसमोर उभं राहून, सावकाश, तोंड उघडून विचारायचं. नवनाथ, ये. पुन्हा विचार."

अशी पद्धत त्या वर्गात कधीच नव्हती.

"ही कधीपासून?" विकी पुटपुटला. जयाने त्याला कोपर मारलं.

नवनाथ पुढे आला. श्रीधरने त्याचे खांदे धरून त्याला खिडकीतल्या उजेडाकडे तोंड करून उभं केलं. नवनाथने प्रश्न विचारला. सुकदेवचे डोळे त्याच्या ओठांवरून फिरले, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं ते सगळ्याला पुरून उरणारं हसू पहिल्यांदाच गेलं.

"मशीन थांबवायची नही," तो म्हणाला. "त्या धाग्याची तेवढी एकच पोझिशन बंद करायची. आन मदत लागली तर हाक नको मारू. शेडमधे हाकेला काय किंमत नही. हे असं करायचं." त्याने दोन बोटं कात्रीसारखी हलवली. "हे म्हंजे धागा तुटला. हे म्हंजे बॉबिन भरली." त्याने मूठ हवेत गोल फिरवली. "आन हे म्हंजे साहेब आला." त्याने बोटाने शर्टाची कॉलर नीट केली.

वर्ग खळखळून हसला, आणि नाडकर्णीही हसले. "अरे, हे मला माहीत नव्हतं, बोरसे," ते म्हणाले. सुकदेव हसत होता, पण त्यांच्याकडे वळला नाही.

मग सगळं सुरळीत झालं. एकेकजण पुढे येऊन उभा राही, विचारी, उत्तर घेऊन जाई. जयाने आपला प्रश्न पुन्हा विचारला. सुकदेवने आधी नाडकर्णींकडे पाहिलं आणि म्हणाला, "अजून घेतलं नही कोणाला. नव्या शेडला साहेबांनी मनावर घेतलं तर होईल." नाडकर्णी म्हणाले, "घेऊ. का नाही?" जयाने मागे वळून सरिताकडे पाहिलं.

चहा झाल्यावर नाडकर्णी श्रीधरचा हात हातात घेऊन म्हणाले, "मोघे सर, खरं सांगू? सुरुवातीला वाटलं, पोरं उनाड आहेत. पण ती समोर येऊन विचारायची पद्धत आवडली मला. शिस्त लागते. आठही पाठवा. एक तारखेपासून."

वर्गात टाळ्या झाल्या. प्राचार्य आपल्या खोलीतून बाहेर आले. नाडकर्णी त्यांच्याशी बोलायला गेले.

सुकदेव अंगणातल्या नळावर हात धुवत होता. श्रीधर टॉवेल घेऊन गेला आणि त्याच्या समोर जाऊन उभा राहिला.

"पद्धत चांगली काढली तुमी," सुकदेव म्हणाला.

श्रीधरने टॉवेल पुढे केला.

"माझ्या ध्यानात आलं, सर. पोराला उजेडात उभं केलं तुमी तेव्हाच." सुकदेवने बोटं एकेक करून पुसली. "खात्यात कोणाला माहीत नही. तिथं कोणालाच ऐकू येत नही, तर माझं वेगळं काय कळणार? सगळे हातानीच बोलतात. बाहेर आलो का मी गप ऱ्हातो. लोक म्हणतात, बोरसे लय शांत माणूस."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"वापीला दाखवलं. म्हणे शेडच्या आवाजानी कान गेले, मशीन लाव कानाला. मशीन लावलं म्हंजे सगळ्यांना दिसणार. बहिरा सुपरवायझर कोण ठेवतो, सर? पोरी शिकतात अजून." त्याने प्राचार्यांच्या खोलीकडे पाहिलं. "साहेबांना नका बोलू."

"नाही बोलणार."

वर्गातून पोरांचा गलका येत होता. तो सुकदेवला ऐकू येत नव्हता, पण दारातून त्यांचं नाचणं दिसत होतं. तो तिकडे पाहत राहिला.

"पोरं गुणी आहेत," तो म्हणाला आणि त्याने टॉवेलची घडी घातली.

श्रीधरने ओठ ओले केले. सायकलवर वाक्य घोकायला या वेळी वेळ नव्हता. "तुम्ही पुन्हा याल का?" तो सावकाश म्हणाला. "गुरुवारी. तुमच्या सुट्टीला. एकटेच. त्या आवाजाने काय होतं ते यांना जाण्याआधी कळायला हवं. मी सांगितलं तर ते पुस्तकातलं होईल."

सुकदेवने त्याच्या ओठांवरून नजर काढली नाही. "आन साहेबांना कळलं तर?"

"मुलं बोलणार नाहीत." हे म्हणताना श्रीधरला स्वतःचीच खात्री नव्हती, आणि समोरच्या माणसाला माणसाचे ओठ वाचता येतात हे त्याला आठवलं.

जीपचा हॉर्न वाजला. सुकदेव हलला नाही. श्रीधरने बोटाने फाटकाकडे खूण केली. तेव्हा तो टॉवेल परत देऊन निघाला. त्याने हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं.

पुढचे दिवस वर्गाच्या दृष्टीने आनंदाचे गेले. नवनाथचे वडील शहाद्याहून आले आणि भर वर्गात श्रीधरच्या पाया पडायला वाकले. श्रीधर मागे सरताना फळ्यावर आपटला. सरिताच्या आईने केंद्रातल्या सगळ्यांना पेढे पाठवले. जया वाटेल त्याला सांगत होती, की खडोलीच्या शेडमध्ये मशीनवर बसणारी पहिली मुलगी ती असेल, आणि सरिता म्हणे, की आपण दोघी एकदम आत जाऊ, म्हणजे पहिली कोण ते कोणाला कळणारच नाही.

विकीला मात्र नवा खेळ सापडला होता. कोणी काही विचारलं की तो मान डोलवत म्हणे, "आहे ना, बस आहे." डबा आणलास का? बस आहे. पान्हा कुठं ठेवला? गुरुवारी सुट्टी. दोन दिवसांत सगळा वर्ग तसं बोलू लागला. नवनाथही. एकदा श्रीधरनेच फळ्यावर लिहिता लिहिता विचारलं, "या आकृतीत चूक काय आहे?" तर मागून कोणीतरी म्हणालं, "बस आहे, सर." श्रीधर पाठमोराच राहिला. आकृतीतली जी रेघ बरोबर होती तीच त्याने पुसली आणि पुन्हा काढली.

एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य या आठांना सांगितलं तर संध्याकाळपर्यंत नाक्यावर, आणि सकाळी खडोलीत. विकीला पोटात गोष्ट ठेवता येत नसे. त्याच्या बापाची पानाची टपरी होती, तिथे कंपनीची माणसं उभी राहत. न सांगावं तर एक तारीख येत होती. कोणाला न सांगता श्रीधर एकदा प्राचार्यांकडे जाऊन म्हणाला, "तिथे आवाज फार असतो म्हणे."

"कारखाना आहे तो, मोघे. वाचनालय नाही," प्राचार्य म्हणाले, आणि त्यांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला.

श्रीधरने पेढा घेतला. आपण त्या माणसाला बोलावलं हीच चूक झाली, असं त्याला आता वाटू लागलं होतं. ज्याचं पोट त्या शेडवर आहे त्याला, स्वतःच्या अडाणीपणाची भरपाई म्हणून, आपण उघड्यावर आणतो आहोत. आला नाही तर बरंच, असंही त्याला वाटलं. मग आपल्याला तसं वाटल्याची लाज वाटली.

गुरुवारी त्याने हातांची खुर्ची मागवली नाही. "कोणी येईल कदाचित," एवढंच तो वर्गाला म्हणाला.

"कोण, सर?"

"आले तर कळेल."

"म्हणजे ते पण बस बघून येणार," विकी म्हणाला.

जेवणाची सुट्टी झाली. दुपारचा वर्ग भरला. वीज गेली आणि पंखा दोन-तीन घेर घेऊन थांबला. श्रीधर धाग्याला ताण देणाऱ्या टेन्शन डिस्कबद्दल शिकवू लागला. त्याचं लक्ष दाराकडे होतं. पोरं वह्यांनी वारा घेत होती.

दारात एक बाई उभी होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात नायलॉनची पिशवी. ती चालत आलेली असावी, कारण पायांवर घोट्यांपर्यंत धूळ होती. तिने चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून थांबली.

"कोण पाहिजे तुम्हाला?" श्रीधरने विचारलं.

"मी सरुबाई. सुकदेव बोरसेची बायको."

सगळा वर्ग दचकला. ती ओरडली नव्हती. चेहरा शांत होता, किंबहुना लाजलेला होता. पण शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी इतका तो आवाज मोठा होता. शेजारच्या वायरमनच्या वर्गातलं शिकवणं थांबलं. कोणीतरी तिथून डोकावून, कुठे भांडण लागलं का ते पाहून गेलं.

विकीच्या गालांत हसू फुगलं होतं.

"या. बसा," श्रीधर म्हणाला आणि त्याने स्वतःची खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी राहिली.

"ते नही येणार. नाक्यावर कंपनीची मानसं ऱ्हातात, लगेच वळखतील. मला कोण वळखतं? ते म्हणे, सरांनी पोरांसाठी बोलावलंय, नही कसं सांगू. तू जा." तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मला तर भाषण येत नही."

"भाषण नको," श्रीधर म्हणाला. "घरचं सांगा."

तिने वर्गावर नजर फिरवली. दोन मुलींवर ती जरा जास्त थांबली.

"माझा आवाज मोठा आहे, मला ठावं आहे," ती म्हणाली. "लग्न झालं तव्हा नव्हता. सासू म्हणायची, सून मुकी आणली का काय, तोंडातून शब्द निघत नही. आता मला हळू बोलता येत नही. मी हळू बोलते असं मला वाटतं, आन लोक बघतात."

विकीच्या गालांतलं हसू तसंच अडकून राहिलं होतं.

"घरात सगळे असंच बोलतात. नही बोललं तर त्यांना कळत नही. पाठमोरे असले का मी भांडं आपटते जमिनीवर. पायाला कळतं त्यांच्या. धाकटी पोरगी पाळण्यात रडरड रडायची आन बाप उशाशी बसून विड्या वळल्यासारखा गप. मी पाण्याहून येऊन भांडले. तव्हा मला कळलं. त्यांना आधीच कळलेलं व्हतं. सांगितलं नही."

नवनाथने पेन खाली ठेवलं.

"आता ती पोरगी दुसरीत आहे. शाळेत बाई तिला उभी करतात रोज. वर्गात वरडते म्हणून. ती वरडत नही हो. तिला दुसरं बोलणं ठावंच नही."

रस्त्यावर, नाक्याच्या बाजूला, चहाच्या टपरीपाशी सुट्टीवरची माणसं जमू लागली होती. एरवी खडोलीच्या कंपनीची निळी बस तिथेच येऊन थांबे. श्रीधरने खिडकीतून तिकडे पाहिलं. दोघांनी मान वळवून केंद्राकडे पाहिलेलं त्याला दिसलं.

"मी जरा..." तो म्हणाला. तो पहिल्या खिडकीपाशी गेला आणि तिची दारं ओढून घेतली. कडी गंजलेली होती, ती तळहाताने मारून बसवावी लागली. मग दुसरी. वर्गात अंधारलं आणि उकाडा एकदम अंगावर आला. सरुबाई थांबून त्याच्याकडे पाहत होती.

"सांगा तुम्ही," जया म्हणाली.

तिसऱ्या खिडकीशी विकी बसला होता. श्रीधर तिथे पोचेपर्यंत त्याने ती लावून घेतली होती आणि कडीवर हात धरून बसला होता, कारण ती कडी बसतच नसे.

सरुबाई पुन्हा बोलू लागली. बंद खोलीत तिचा आवाज भिंतींवर आदळून परत येत होता. कोणी वहीने वारा घेत नव्हतं. घामाने इस्त्रीचे शर्ट पाठीला चिकटत होते. मागच्या बाकावरून नवनाथ उठला. एक तारखेसाठी घेतलेले नवे बूट त्याने सवय व्हावी म्हणून आजच घातले होते. ते करकर वाजू नयेत म्हणून तो टाचा उचलून दारापर्यंत गेला, बाहेर ओटीवर कोणी नाही हे त्याने पाहिलं, आणि दार आतून लावलं.